भरल्या मांडवातून उठलेलं लुगडं

भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या स्टेशनावर गाडी फार वेळ थांबत नाही. सामान आत टाकायचं, माणूस आत ढकलायचं आणि निरोप खिडकीतून घ्यायचा, अशी तिथली रीत. मी मुंबईला निघाले त्या दिवशी बाबांनी बॅग आत सरकवली, आईने डब्याची पिशवी दिली. माझी मोठी बहीण वनिता खिडकीचा गज धरून म्हणाली, "नंदे, आमाले भुलू नको बरं." त्यावर बाबा म्हणाले, "भुलते कायले? आता आपलं कोनी तरी तिकडं हाय म्हना."

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. जिल्हा अर्धा झाला आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याची जागाही तेवढीच उरली. मी डेस्कवर रुजू झाले तेव्हा भंडाऱ्याची बातमी बहुतेक वेळा एका कॉलमच्या तळाशी यायची, तीही वैनगंगेला पूर आला तर. पुढे मला मनोरंजनाचं पान मिळालं. मालिकांचे प्रोमो, कलाकारांच्या मुलाखती, सीझन कधी संपणार याच्या बातम्या. आईला हे काम समजलं नाही. "म्हंजे टीव्ही पाहाचेच पैसे देते का तुले?" असं तिने विचारलं होतं.

आमचं घर विणकरांचं. माग पुढच्या खोलीत, माणसं मागच्या. बाबा कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी लुगडी विणत. काठावर करवतीसारखे दाते येतात, म्हणून हे नाव. हे दाते एकट्याने विणता येत नाहीत. काठाचा धागा आणि अंगाचा धागा धोट्याच्या प्रत्येक फेकीला एकमेकांत अडकवावा लागतो, त्यासाठी मागावर दोन माणसं लागतात. आमच्या मागावर दुसरं माणूस वनिता होती. शाळा सुटल्यापासून तीच बाबांच्या शेजारी बसायची. मी शिकले, कारण एका मागाला तिसरं माणूस लागत नाही.

ज्यांनी गाव सोडलं त्यांना एक खोड माहीत असेल. परगावी आपलं काम गावाच्या काही उपयोगी पडावं, असं वाटत राहतं. मला ती संधी एका विनोदी मालिकेने दिली. एका चाळीतल्या खाणावळीवर बेतलेली मालिका. खाणावळ चालवणारी मुलगी आणि तिथे जेवायला येणारा, दर महिन्याला नोकरी बदलणारा तरुण यांचं जमतं की नाही, यावर वर्षभर गंमत चाललेली. शेजारी एक निवृत्त कारकून आणि एक विधवा शिलाईवाली, त्यांचंही थोडं थोडं. सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये मुलीचं लग्न होतं. कपडेपट सांभाळणारी बाई माझ्या ओळखीची होती. तिला नवरीसाठी "रोज दिसत नाही असं" लुगडं हवं होतं. मी बाबांना फोन केला.

त्याच सुमारास वनिताचं लग्न ठरलं होतं. भंडाऱ्याजवळच्याच शहापूरचं घर, हायवेवर दुकान, मुलगा शांत. वनिताची तिशी जवळ आली होती आणि याआधीची दोन स्थळं बोलणी होऊन मोडली होती. हे तिसरं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, काही एका लुगड्यासाठी चढवत नाहीत. बाबांनी एकाच ताण्यावर दोन लुगडी धरली, एक शूटिंगसाठी, एक वनितासाठी. रंग एक, काठ एक, पदर एक. पहिलं मुंबईला आलं. दुसरं त्याच ताण्यावर सुरू झालं. आपल्या लग्नाच्या लुगड्याच्या काठाला वनिता स्वतःच दाते पाडत होती.

गल्लीत ही वार्ता पसरायला वेळ लागला नाही. आईने शहापूरलाही कळवलं, की आमच्या पोरीचं लुगडं टीव्हीतल्या नवरीसारखंच आहे. व्याह्यांनी आनंदाने ते आपल्या आळीत सांगितलं.

शेवटचा एपिसोड लागला तेव्हा मी डेस्कवर होते. वनिताने फोन लावला आणि टीव्हीसमोर ठेवून दिला, म्हणजे आमच्या घरी जमलेल्या गल्लीचा आवाज मला ऐकू यावा. आमच्या ऑफिसातलं प्रक्षेपण घरच्यापेक्षा काही सेकंद पुढे होतं. आधी मी पाहायचे, मग तेच घरी घडायचं.

कारकून त्या दिवशी खाणावळीतून डबा न नेता शिलाईवालीच्या घरी पाटावर जेवायला बसला. घरी हशा झाला. शेजारची काकू म्हणाली, "जमलं बाप्पा म्हाताऱ्याचं." मग मांडव आला. नवरीचा चेहरा, नवऱ्याचा चेहरा, पुन्हा नवरीचा चेहरा. बाबांचा आवाज आला, "तोंडच दाखवून राहिले. लुगडं कवा दाखवतीन?"

माझ्या पडद्यावर तेवढ्यात नवऱ्याने सांगितलं, की नवी नोकरी दुबईत आहे आणि परवा निघायचं आहे, हे त्याला आधीपासून माहीत होतं. अंतरपाट धरलेला असताना मुलगी उठली आणि चालू लागली. फोनमध्ये गल्ली अजून हसत होती. मी "ताई" म्हणून हाक मारली. फोनजवळ कोणी नव्हतं.

मग तिथेही ती उठली. ती पाठमोरी जात होती म्हणून कॅमेरा मागे आला, आणि सबंध एपिसोडमध्ये पहिल्यांदाच लुगडं पूर्ण दिसलं. पदर, काठ, करवतीचे दाते. गल्ली गप्प झाली होती. त्या शांततेत बाबा म्हणाले, "आता दिसला पदर." त्यांच्या आवाजात समाधान होतं. ते फक्त कापड पाहत होते.

मालिकेच्या लोकांनी दोन शेवट चित्रित केले होते. एकात लग्न लागतं, एकात मोडतं. दुसरा सीझन मंजूर झाल्यावर मोडलेलं घेतलं, कारण लग्न लागलं तर पुढे दाखवायला काही उरत नाही. हे मला नंतर कळलं. त्या रात्री वनिताने एकच विचारलं, "तुले मालूम होतं का व?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "ठीक हाय." तिला ते खरं वाटलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आठ दिवसांत शहापूरहून मुलाची आई आणि मावशी आल्या. पुढे काय झालं ते आईने मला फोनवर शब्दन् शब्द सांगितलं. चहा झाल्यावर मावशीने विषय काढला.

"लुगड्यात खोट नाही, भाऊजी. तुमचा हात कोनाले मालूम नाही? पन ते पोरगी भरल्या मांडवातून उठली ते हेच लुगडं नेसून. आमच्या आख्ख्या आळीनं पाह्यलं."

"ते नाटक होय," बाबा म्हणाले.

"नाटक होय ते आमालेबी समजते. पन आमची सून मांडवात आली का लोकं तेच आठवतीन. दुसरं कोनतंबी नेसवा. बजारातलं चालते."

बाबांनी मागाकडे बोट दाखवलं. लुगडं अर्ध्याच्या वर झालं होतं. "माह्या हातचं कापड अपशकुनी होय, त मंग माही पोरगी कायले नेता?"

मुलाच्या आईने पिशवी हातात घेतली. लग्न तिथेच मोडत होतं. वनिता मागावरून उठली, पुढे आली आणि बाबांना म्हणाली, "बाबा, मांडवात मले जायचं हाय. लुगड्याले नाही." मग मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, "बजारातलं घेऊ, आई. तुमी म्हनान त्या रंगाचं."

तिने "आई" म्हटलं, तिथे सगळं मिटलं. बाबा आत गेले. मावशीने चहा पुन्हा मागितला.

मी लग्नाला गेले होते. वनिता दुकानातली लाल साडी नेसून उभी राहिली, चांगली दिसत होती, आणि मांडवातून कोणी उठलं नाही. बाबांनी सगळे विधी केले, सगळ्यांना हात जोडले. पाठवणीच्या वेळी तिने पाया पडायला वाकून पदर सावरला, तेव्हा त्यांनी सवयीने त्याचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि सोडून दिला. तिच्याशी ते काही बोलले नाहीत. आजवर तिच्या घरी जेवलेले नाहीत.

मालिकेचा दुसरा सीझन आला. पहिल्याच एपिसोडमध्ये तरुण दुबईहून परतला, खाणावळीत येऊन बसला आणि पुन्हा गंमत सुरू झाली. मागच्या मांडवाचा उल्लेख दोन विनोदांपुरता. मी त्यावर चार ओळींची बातमी केली. आमच्या घरी ती मालिका कोणी पाहिली नाही.

अर्धवट ताणा मागावर ठेवता येत नाही. बाबांनी आईला शेजारी बसवून ते लुगडं पुरं केलं आणि मला मुंबईला पाठवलं. फोनवर म्हणाले, "तुयाकडंच राहू दे. तिकडं कोनी विचारत नाही." आईचा हात बसलेला नाही. वनिता कुठे उठली ते काठावर नेमकं दिसतं. तिथपर्यंत दाते सारखे आहेत, पुढे लहानमोठे. मी ते एकदा ऑफिसला नेसून गेले. बाबांचं बरोबर होतं. त्यानंतर घरच्या मागावर करवतीचा काठ चढला नाही. बाबा आता साधे पंचे विणतात, त्याला एक माणूस पुरतं.

गावाहून आलेली माणसं मुंबईत भेटली की घरची आठवण काढतात. नदी, धान, थंडी. माझ्यापुरतं घर म्हणजे आता दोन फोन आहेत. रविवारी एक भंडाऱ्याला, एक शहापूरला. या दोन गावांमध्ये ऑटो चालतात, एसटी चालते. अंतर इतकं कमी की सकाळी निघालेला माणूस जेवायला घरी परत येतो. पण वनिताला मुलगी झाली हे बाबांना माझ्याकडून कळलं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे वनिताला माझ्याकडून. आई मधल्या मध्ये जाऊन येते, पण ती एकीकडचं दुसरीकडे सांगत नाही. तिचं म्हणणं, लुगड्याचं एकदा सांगून पाहिलं, पुरे झालं.

मागच्या रविवारी बाबांनी नेहमीप्रमाणे हवा विचारली, पगार विचारला आणि मग म्हणाले, "वनिता कसी हाय?"

मी म्हटलं, "तुम्हीच विचारा ना बाबा. शहापूर काय दूर आहे?"

ते म्हणाले, "तूच सांग. तुले त बातम्यायचंच काम हाय."

मी सांगितलं. बरी आहे. पोरगी चालायला लागली आहे.