दोन बाजांएवढं रान

“दम धरा, येतंय!” सायकलवरून उतरायच्या आधीच भाऊ हे सांगून मोकळे व्हायचे. मग कुणी मनिऑर्डरची वाट बघत असो की नोकरीच्या कागदाची. सोनपेठात टपाल वाटणारा हा माणूस माझा शेजारी. आमच्या परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. मी शाळेत शिकवायचे म्हणून ‘बाई’. ते माझे भाऊ, त्यांची बायको वहिनी. आता भाऊ नाहीत. पारावर विद्यापीठाच्या नामांतराचे वाद चालायचे, त्या वर्षांतली ही गोष्ट.

भाऊंना गुंठाभर जमीन नव्हती, आणि वहिनी वालूरच्या मोठ्या शेतकऱ्याची लेक. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, मेहुण्याच्या रानात जेवायचं आवतण ठरलेलं. कडब्याची खोप, पाच पांडवांची पूजा, आंबील, पालेभाज्या-शेंगांची भज्जी. एका वर्षी भर पंगतीत मेहुणा म्हणाला, “दाजी, तुमच्या रानात कवा बोलावणार आमाला? का टपालपेटीखाली पंगत मांडायची?” सगळे हसले. घरी आल्यावर वहिनी भिंतीशी उभ्या राहून माझ्याजवळ रडल्या. भाऊंनी ते ऐकलं.

पुढच्या दिवाळीत त्यांनी परस खणलं. दोन बाजा मावतील एवढीच जागा! परभणीहून शलगमाचं, म्हणजे जमिनीत गड्डा धरणाऱ्या भाजीचं, बी आणलं.

“वालूरच्या रानात जे न्हाई, तेच लावायचं, बाई.”

“अहो भाऊ, पण शलगम खातंय कोण आपल्यात?”

“लावू तर द्या!”

रोपं दाट उगवली. वहिनी म्हणाल्या, विरळ करा. भाऊ ऐकतील तर शपथ. “दारात आलेल्याला परत पाठवायचं? माझ्या हातून न्हाई व्हायचं.” झालं! वर पाला हा एवढा, आणि खाली उंदराच्या शेपटीएवढी मुळं. त्या येळवसेला पुन्हा वालूर आणि पुन्हा तेच हसू.

दुसऱ्या वर्षी त्यांनी जिद्दच धरली. काळी माती घट्ट, म्हणून गोदाकाठच्या गावांत टपाल देऊन येताना रोज पिशवीभर रेती आणू लागले. रोपं चार बोटं वाढली, आणि भाऊ ड्यूटीवर असताना वहिनींनी पदर खोचून निम्मी उपटून टाकली. खोटं कशाला बोलू, दोन ओळी मीही उपटल्या. संध्याकाळी भाऊ परसात गेले आणि जेवलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, “मी शेतकऱ्याची लेक हाय, मला शिकवू नगा.” आठ दिवस घरात अबोला.

पण राहिलेली रोपं काय फुगली म्हणता! मातीतून जांभळे खांदे वर आले. भाऊंनी वालूरला पत्र टाकलं: येळवस आमच्या रानात, सगळ्यांनी यावे. वहिनी भिंतीशी आल्या. “औंदा हसू झालं तर मी माहेराला तोंड दावणार न्हाई, बाई.”

नऊ माणसं आली. खोप इतकी बुटकी, की पूजेला भाऊ रांगत आत गेले. अर्धी पंगत भिंतीच्या माझ्या बाजूला.

“रान कुठं हाय, दाजी?” मेहुण्यानं विचारलं.

“तुमच्या पायाशीच हाय. उपटा एक.”

त्यानं पाला धरून ओढला. पांढरं-जांभळं, दोन मुठींएवढं! मेहुणा खालीच बसला. माती बोटांत चोळून पाहिली, एक काप खाल्ला. तो हसला नाही.

“ताई, विरळणी तुझ्या हातची दिसतीय. लय भारी माल हाय. बी दे मला थोडं.”

वहिनी त्याच्या पानात भज्जी वाढतच राहिल्या. मला इतका आनंद झाला, की माझी आंबील सांडली.

संध्याकाळी मेहुणा एसटीला निघाला. उपरण्यात शलगम बांधलेले, पाला बाहेर लोंबतोय. स्टँड जवळ होतं, पण भाऊंनी सगळ्यांना बाजारातून फिरवून नेलं. वहिनी आणि मी मागून चाललो होतो. “हे काय हो?” दुकानांतून लोक विचारायचे. जिथं कुणी विचारलं नाही, तिथं भाऊ चपलेचा अंगठा नीट करत उभे राहायचे, विचारेपर्यंत. आणि दर वेळी मेहुणा गाठोडं वर धरून सांगायचा, “आमच्या दाजींच्या रानातलं हाय!”