भिंतीपलीकडचा ठोका

काय हो, एखाद्या भिंतीनं तुम्हाला कधी उलट उत्तर दिलंय? हसू नका. मला दिलंय. जुन्नरात, चाळिशी जवळ आलेली असताना, हातात टेनिसची रॅकेट धरून!

रॅकेट मामलेदारांच्या बायकोची. कचेरीमागं साहेबलोकांसाठी शेणामातीनं सारवलेलं टेनिसचं मैदान होतं. बाई बेळगावच्या, खेळायला जोडीदारीण नाही. धरलं मला! माझा चेंडू एकतर जाळीत, नाहीतर थेट चिंचेच्या शेंड्यावर. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी भिंतीवर मारत जा. मनगट ताठ, नजर चेंडूवर. भिंत कंटाळत नाही."

आमच्या मागल्या आवाराला एक उंच, आंधळी भिंत होती. ना खिडकी, ना दार. पलीकडे काय आहे, हे मी कधी विचारलंही नव्हतं. कुणी बघू नये म्हणून दिवेलागणीला पदर खोचून मी तिच्यासमोर उभी राहायची. वटवाघळं सुटलेली, अंधारून आलेलं. थप्प! चेंडू परत. थप्प!

एके दिवशी चेंडू माझ्या हातातच होता, आणि भिंतीतून आवाज आला.

ठक्.

मी थिजले. मग, आता माझी अक्कल बघा, मी पुन्हा चेंडू मारला. थप्प. भिंत म्हणाली, ठक्. दोनदा मारला. ठक्, ठक्!

रॅकेट तिथंच टाकून पळाले. घरात शिरून आधी कंदील लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जैतूनबी सुपारी खायला आल्या. माझी मैत्रीण, मागच्या गल्लीतली. घरचा हातकागदाचा जुना धंदा, नवऱ्यामागं एकट्या चालवायच्या. चेहरा पांढराफटक!

"वैनी, कारखान्यात कायतरी शिरलंय. ओला ताव भिंतीला चिकटवून सुकवाया ठेवते. तिनीसांजेला भिंतीत धप् व्हतं, अन् ताव आपोआप सुटतो. कफनावानी खाली येतो, आवाज न करता. हात बी लावला न्हाई कुनी!"

माझ्या अंगावर काटा आला. "अहो, आमच्या आवारातली भिंतही ठोके देते!" रॅकेटचं मात्र बोलले नाही. आपली शोभा कशाला करून घ्या?

"म्हंजी तुमच्याकडनं माज्याकडं येतोय व्हय त्यो?"

"आमच्याकडनं कशाला? तुमच्याकडनंच येत असेल!"

त्या संध्याकाळी गल्लीचा वळसा घालून मी त्यांच्या सोबतीला जाऊन बसले. भिंतभर पांढरे ताव. कंदिलाच्या उजेडात श्वास घेतल्यासारखे हलत होते. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो. पण ठोका नाही, आणि एकही ताव पडला नाही. जैतूनबींनी कानशिलावर बोटं मोडून माझी अलाबला घेतली. "वैनी, तुमाला लई भ्यालं बगा त्ये!"

मला इतका धीर आला, इतका धीर आला, की पुढच्या संध्याकाळी मी पुन्हा रॅकेट उचलली!

सकाळी जैतूनबी दारात. डोळे सुजलेले. "पुण्याच्या व्यापाऱ्याचा सगळा माल मातीत गेला. टाळं लावते न् भावाकडं नाशकाला जाते."

मैत्रीण गावच सोडून चालली! मी पोक्तपणानं म्हटलं, "माझी आत्या सांगायची, भुताला नाव विचारलं की ते निघून जातं. आज तुम्ही तुमच्याकडे विचारा, मी माझ्याकडे विचारते."

तिन्हीसांजेला भिंतीशी गेले. फटीतून उदाचा वास झिरपत होता. धीर यावा म्हणून चेंडू मारला, थप्प! आणि ओरडले, "कोण आहेस तू? नाव सांग!"

भिंत घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आदी तू सांग!"

"मी... मी सरस्वती."

भिंतीतून मग हळूच, "कंची? ...वैनी?"

"जैतूनबी?"

"या अल्ला! मी हिकडं मुसळानं ठोकतीय, भ्याले न्हाई म्हनून दावाया. अन् तुमचं त्ये धप् धप् काय व्हतं?"

"टेनिस."

"त्यो कोन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भरपाई म्हणून मी जैतूनबींच्या कारखान्यात कुंचा घेऊन ओले ताव भिंतीवर चढवत होते. मी चढवलेले बहुतेक ताव खाली पडले, आणि दोष द्यायला भिंतीपलीकडे तेव्हा कोणीही नव्हतं.