इंजिनाला पाजलेलं नारळपाणी

खंडेनवमीच्या सकाळी मी एका सरकारी अँब्युलन्सच्या इंजिनाला अख्ख्या नारळाचं पाणी पाजलं. कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला शहाणी समजायची चूक तुमच्याकडून व्हायची नाही.

तेव्हा मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. वय चोवीस. पोस्टिंग उत्तरेतल्या एका डोंगरी खोऱ्यात, फील्ड हॉस्पिटलला. खांद्यावर दोन स्टार होते, डोक्यात चार. आज सोलापुरात नातवंडं मला 'कॅप्टन आज्जी' म्हणतात. त्या चोवीस वर्षांच्या पोरीला मी काय म्हणाले असते, ते छापता येण्यासारखं नाही.

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान. खंडेनवमीला वडील गज आणि कात्री पुजायचे. नारळाचं पाणी थेट कात्रीच्या पात्यावर सोडायचे. "जिथं काम होतं, तिथं तीर्थ पडलं पाहिजे," म्हणायचे. कात्री कधी बंद पडली नाही. तेवढ्या अनुभवावर मी गाडीची जाणकार झाले.

फौजेतही त्या दिवसांत शस्त्रं आणि गाड्या धुऊन पुजतात. ०८०० ला आमची पूजा. अँब्युलन्स एक टनी, पेट्रोलवरची. ड्रायव्हर नाईक सिद्राम, आमच्याकडच्याच वळसंगचा. घरी कन्नड बोलायचा, माझ्याशी मराठी. नारळ माझ्या आईच्या पार्सलमधला.

"मॅडम, चाकापुढं फोडू की."

"बॉनेट उघडा."

"बॉनेट कशाला ओ?"

"सांगितलं ना."

त्यानं उघडलं. तो झेंडूची माळ आणायला वळला आणि मी नारळ फोडून दोन्ही वाट्या इंजिनावर रिकाम्या केल्या. वर हळद-कुंकू. त्यानं परत येऊन आत न बघताच बॉनेट पाडलं, वर माळ बांधली. ढगाळ हवा, हाडं गोठवणारी थंडी. त्या दिवशी काही वाळणार नव्हतं. हे मला आज कळतं.

१४०५ ला जखमी आला. शिपाई गुरमेल, वय एकवीस. सुरुंगाची कपची मांडीत, वर जांघेजवळ. तिथं पट्टा बांधता येत नाही. ड्रेसिंग भरून हातानं दाबून धरायचं, बस. सर्जन खाली बेस हॉस्पिटलला. हेलिपॅड पंचवीस मिनिटांवर. दुसरी अँब्युलन्स सकाळीच पेशंट घेऊन गेलेली.

१४१० ला स्ट्रेचर आत चढलं. मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी दाब धरला. केबिनच्या खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता.

"हेलिपॅड बोलतोय. ढग उतरतायत. चॉपर १४५० ला उडणार. थांबणार नाही. ओव्हर."

"रॉजर. निघतोय. आउट," सिद्राम म्हणाला आणि स्टार्टर मारला.

इंजिन घरघरलं. पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा.

मला त्याच क्षणी कळलं.

हॉर्न वाजला, लांब आणि खणखणीत. "बॅटरी हाय," सिद्राम स्वतःशीच बोलला. उतरला. बॉनेट उघडल्याचा आवाज. "पेट्रोलचा वास बी येतोय. मग व्हतंय काय हिला?" कुठला तरी पाइप काढून तो फुंकर मारायला लागला.

मला सांगायचं होतं. तोंड उघडेना. कोर्ट मार्शल दिसत होतं, वडिलांचा चेहरा दिसत होता. माझ्या बोटांमधून रक्त कोमट येत होतं, आणि मी, दोन स्टारवाली, स्वतःची अब्रू दाबून बसले होते.

गुरमेलनं डोळे उघडले. "सिस्टर, गाडी क्यों नहीं चल रही?"

मी घड्याळ पाहिलं. १४१७.

"सिद्राम!" मी ओरडले. "सकाळी मी इंजिनावर नारळाचं पाणी ओतलंय!"

बाहेरची फुंकर थांबली.

"किती?"

"अख्ख्या नारळाचं."

तो मागच्या दाराशी आला. रागावला नाही, त्यानं मी जास्त घाबरले. "स्पिरिट द्या. कापूस द्या. डिस्ट्रिब्युटर भिजला आसंल. तितनंच समद्या प्लगांना ठिणगी जाती."

"माझ्या पिशवीत आहे. मला हात सोडता येत नाही."

त्यानं स्वतःच घेतलं. मग मला फक्त ऐकू येत होतं. दोन क्लिपा उघडल्या. पुसणं. फुंकर. पुन्हा पुसणं.

"झालं का?"

"स्पिरिट उडू द्या, मॅडम. न्हाईतर भडका व्हईल."

तेवढा वेळ मी मोठ्यानं आकडे मोजत होते. गुरमेल माझ्याबरोबर मोजायला लागला. साठनंतर तो थांबला. मी थांबले नाही.

१४२४ ला इंजिन एकदा खोकलं आणि लागलं.

हेलिपॅडवर पोचलो तेव्हा १४५२ झाले होते. पायलट थांबला होता. गुरमेलनं जाताना माझी बाही धरली होती, ती बोटं सोडवावी लागली.

तिसऱ्या दिवशी बेसहून निरोप आला. शिपाई गुरमेल गेला.

उशीर का झाला, हे कोणी विचारलं नाही. सिद्रामनं गाडीच्या वहीत एवढंच लिहिलं होतं : 'ओल.' मी कमांडिंग ऑफिसर साहेबांपुढं उभी राहून सगळं सांगितलं, गप्प बसलेली ती सात मिनिटंसुद्धा. त्यांनी लेखी ताकीद दिली. सर्जननी कळवलं की रक्त आधीच फार गेलं होतं. ते खरं असेल. पण साठनंतर मोजायचा थांबलेला तो आवाज मला सर्जनच्या कागदाआधी आठवतो.

आता दर खंडेनवमीला आमच्या दारात नातवाच्या गाडीपुढं नारळ मीच फोडते. बॉनेटला कुणाला हात लावू देत नाही. फोडताना एक नाव घेते. सुनेला वाटतं, कुलदैवताचं.

कारण त्या संध्याकाळी, निरोप आल्यावर, मी सिद्रामला म्हणाले होते की यापुढं आयुष्यात नारळ हातात धरणार नाही. तो टायरवर बसून हात पुसत होता. वर न बघता म्हणाला :

"आसं करू नगा. फुडच्या साली बी तुमीच फोडायचा, मॅडम. त्या पोराच्या नावानं फोडा. पर चाकापुढं."