एका वाटीचं पाणी

"डोळा म्हणजे रुसका पाहुणा. त्याला ओढायचं नाही, निवल्या पाण्यानं मनवायचं," असं इस्त्रीवाली आक्का प्रत्येकाला सांगायची. बडीशेप उकळायची, मलमलीतून दोनदा गाळायची, पाणी निवलं की पितळी वाटीत ओतायची. इस्त्रीच्या टेबलाशेजारी एक स्टूल. डोळे आले की अख्खी गल्ली त्या स्टुलावर. चाळीस वर्षं हेच. बहुतेक जण आठवडाभरात बरे व्हायचे आणि आक्काची मान ताठ व्हायची.

यंदा तिची धाकटी जाऊ आली. शिवणकामावर तिचं घर चालायचं. एक डोळा लाल होता. आक्कानं तीन दिवस धुतला, तर दुसराही चिकटला, उजेड खुपू लागला, सुईचं नेढं दिसेना.

आक्का चक्रावली. पाणी उकळलेलं, फडकं धुतलेलं. मग माशी शिंकली कुठे? तिनं भाचीला बोलावलं. भाची डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स.

"मावशी, असल्या अर्कांनी प्रयोगशाळेतल्या बशीत काही जंतू अडतात म्हणे. पण माणसाच्या डोळ्याला गुण येतो, असा धड पुरावा नाही."

"मग एवढे लोक बरे झाले ते?"

"साधे डोळे आले तर बरेचदा आपले आपणच जातात. तू धू नाहीतर नको धू."

"म्हणजे चाळीस वर्षं मी नुसतं स्टूल पुसलं?"

भाची हसली. मग वाटी पाहून थबकली. "ही प्रत्येकानंतर घासतेस ना?"

"घासायची कशाला? औषधाचीच तर वाटी!"

बोलता बोलता आक्काला आठवलं. सोमवारी दूधवाल्याचा चिकट डोळा पुसला, त्याच पाण्यात बोळा बुडवला आणि मग जावेचा. किती जणांना बरं केलं, किती जणांना दुखणं दिलं? हिशेब लागेना.

"आजच घेऊन ये तिला," भाची म्हणाली. "उजेड खुपतोय हे लक्षण बरं नाही."

जाऊ मात्र हटून बसली. "आक्का, दवाखाना नको. तुमच्याच हाताला गुण आहे."

"अगं, त्या हातानंच बिघडलं असेल तर?"

तेवढ्यात दूधवाला आला, डोळे लख्ख. "आक्का, माझे तर एकदम बरे झाले! तुमच्या पाण्याची कमाल."

आक्कानं वाटी उपडी ठेवली, इस्त्री बंद केली, जावेचा हात धरला आणि गल्लीतून चालू लागली. दूधवाला स्टुलाशी उभा राहून, त्या दोघी वळणाआड जाईपर्यंत, बरे झालेल्या डोळ्यांनी बघत राहिला.