शशिधरने सुरक्षित केलेली टाकी

बर्मिंगहॅमच्या ऑफिसात शशिधर मेश्रामला कोणी घाबरत नसे. घाबरायचे ते त्याच्या एका प्रश्नाला. कंपनी रासायनिक कारखान्यांची डिझाइनं करायची. नवा नकाशा टेबलावर पसरला की हा नागपूरचा गडी चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, "पण हे विष मुळात साठवायचंच कशाला?" प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नांचं जे होतं तेच त्याचंही व्हायचं. मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंद व्हायची आणि पुढचा विषय निघायचा.

२००४ साली मात्र तो प्रश्न त्याच्या जिवाला लागला. उत्तरेकडच्या एका नदीकाठच्या गावात नवा कारखाना व्हायचा होता. त्यात साठ टन क्लोरीनची टाकी, आणि कुंपणापासून तीनशे पावलांवर घरांची रांग. शशिधर जागा बघायला गेला तेव्हा एक म्हातारी अंगणात चादरी वाळत घालत होती. तिने हसून हात केला. टाकी फुटली आणि वारा तिच्या बाजूचा असला, तर दार लावायलाही तिला वेळ मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती टाकी कागदावरून पुसायची, एवढंच त्याने डोक्यात घेतलं.

उपाय होता. मिठाच्या पाण्यात वीज सोडून लागेल तेवढाच क्लोरीन तिथल्या तिथे करायचा. नळ्यांमध्ये असेल तेवढाच गॅस, काही किलो. खर्च थोडा जास्त, एवढंच.

त्याचे साहेब जयंतराव मूळचे पुण्याचे, पंचवीस वर्षं इथे मुरलेले. म्हणाले, "शशी, आय हिअर यू. पण क्लायंटला दोन्ही ऑप्शन्स दाखवावे लागतात. टाकीवाला आणि बिनटाकीचा. दोन्ही तूच लिही, फेअरली."

त्याची बायको धम्मशीला हॉस्पिटलमध्ये नर्स. व्यवहार तिला जास्त कळायचा. "अहो, मग टाकीचं जरा कच्चंच ठेवा ना. कोण चेक करतंय?"

"आणि त्यांनी तीच घेतली तर?"



गडी फसला तो इथेच. वाघ आणूच नका म्हणणाऱ्यानेच पिंजरा असा बनवला की वाघालाही कौतुक वाटावं. दुहेरी भिंत, आपोआप मिटणारे व्हॉल्व्ह, गॅसचा सुगावा लागताच ओरडणारे अलार्म, पाण्याचे पडदे. सहा आठवडे तो त्यावरच बसला होता. हयगय त्याच्या स्वभावातच नव्हती, आणि मला विचाराल तर दुसरं काय करायला हवं होतं त्याने?

मीटिंगमध्ये क्लायंटने आकडा पाहिला. दहा लाख वर्षांत एखादा मोठा अपघात. नियमात सहज बसणारा. "ब्रिलियंट," तो म्हणाला. "मग महागाचं दुसरं कशाला?" बिनटाकीचं पान कोणी उलटलंसुद्धा नाही. शशिधरने आपला प्रश्न विचारला, आणि मिनिट्समध्ये लिहिलं गेलं: विचार केला, गरज वाटली नाही. टाकीच्या डिझाइनखाली सही त्याचीच लागत होती. त्याने नाकारली असती तर दुसऱ्या कोणी केली असती आणि व्हॉल्व्ह स्वस्तातले लागले असते. त्याने सही केली.

कारखाना सुरू झाला. काही झालं नाही. एक वर्ष, दोन, तीन. ती म्हातारी जिवंत आहे याचा शशिधरला आनंदच होता, पण सुखरूप गेलेला प्रत्येक दिवस त्याच्याच विरुद्ध साक्ष देत होता.

२००८ मध्ये जयंतरावांनी नवा नकाशा पुढे ठेवला. दुसरं गाव, रेल्वे स्टेशनच्या अगदी मागची जागा. टाक्या दोन. बाकी रेघ न् रेघ शशिधरच्या जुन्या कामाची नक्कल.

"जयंतराव, इथे तरी मिठाच्या पाण्याचं बघू या. अजून एक वीटही लागलेली नाही."

"अरे, टाकी सेफ असते हे तूच प्रूव्ह केलंस ना? आता क्लायंट्स तुझंच डिझाइन मागतात. यू शुड बी प्राउड."

आयुष्यात इतकं हरल्यासारखं शशिधरला कधी वाटलं नव्हतं. त्याने नकाशा जवळ ओढला. नक्कल करणाऱ्याने दुसऱ्या टाकीचा एक व्हॉल्व्ह भलत्याच बाजूला काढला होता. गळती झाली असती तर गॅस थेट प्लॅटफॉर्मवर गेला असता. शशिधरने पेन्सिल घेतली आणि तो व्हॉल्व्ह नीट करून दिला.