पश्चिमेकडचे सात खड्डे

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मामाला नाही, हॉस्टेलमध्ये शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या मित्राला नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. यात काही धाडस नाही, हे आधीच कबूल करतो.

मी अमरावतीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय इतिहास. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव भातकुली तालुक्यात. सुट्ट्यांमध्ये आणि शनिवार-रविवारी मी मामासोबत कामाला जातो. मामा तारेचं कंपाउंड करून देतो. शहर जिथं संपतं आणि वावरं सुरू होतात, तिथं लोक हल्ली थोडी जागा घेतात, चार आंबे, दोन चिकू, एक लिंबू लावतात आणि चारी बाजूंनी सिमेंटचे पोल रोवून जाळी मारून घेतात. पोल रोवायचे, जाळी ताणायची — ऐकायला किती सोपं वाटतं, नाही?

सोपं नसतं. आमच्याकडची माती काळी. पावसात ती फुगते आणि पोल ढकलते. उन्हाळ्यात ती इतकी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो, आणि तेव्हा ती पोलाला सोडून देते. त्यात त्या जागा उघड्या. वारा अडवायला एक झाड नाही, एक भिंत नाही. वैशाखात संध्याकाळी पश्चिमेकडून वादळ सुटलं की ते थेट पहिल्या कुंपणावरच येऊन आदळतं. म्हणून पश्चिमेकडचा खड्डा खोल हवा, आणि त्यात निघालेली काळी माती परत न टाकता मुरूम-गिट्टी ठासून भरायला हवी. मामाचं सगळं नाव या एका गोष्टीवर आहे.

खोली मोजायला मामाकडे टेप नाही, म्हणजे आहे, पण ती पिशवीतच असते. मोजायला एक जुनी सब्बल, म्हणजे पहार, आहे. तिच्या टोकापासून ठरलेल्या उंचीवर लाल चिंधी तारेने आवळून बांधलेली. सब्बल खड्ड्यात उभी धरायची, चिंधी जमिनीला टेकली की खड्डा पास. आणि ती सब्बल खोदणाऱ्याच्या हातात कधी द्यायची नाही. "खोदणाऱ्यानं मोजाचं नाही अन् मोजणाऱ्यानं खोदाचं नाही," असं मामा म्हणतो. मोजायचं काम त्याने माझ्याकडे दिलं होतं. का? तर मी शिकतो म्हणून.

खोदायचं काम देवरावकाकांचं. आमच्याच गावचे, आमच्या घरापासून चौथं घर. वय साठीच्या पुढे. काकांनी आयुष्यभर खड्डेच खोदले. घरांच्या पायांचे, विजेच्या खांबांचे, गोठ्यांच्या मेढींचे. गावात कुणाला कुठं किती खाली मुरूम लागेल हे विचारायचं असलं तर तो काकांकडे यायचा. ते टाच आपटून सांगायचे आणि ते खरं निघायचं. माझी चेष्टा करायला त्यांना फार आवडायचं. "इतिहासात काय शिकवतेत बे? त्या राजेलोकाइचे गड्डे कोण खंदे, हे लिहेल हाय का कुठी?" मी म्हणायचो, नाही लिहिलेलं. "मंग कायचा इतिहास," असं म्हणून ते हसत हसत पुन्हा वाकायचे.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवं. मी टाळतो आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

गेल्याच्या आधीच्या वर्षी, भाद्रपदात, भातकुली रोडवर एक काम आलं. जागा आमच्या इतिहासाच्या सरांची. सरांना ठाऊक नव्हतं की कंपाउंडवाला माझा मामा आहे. वर्गातल्या मुलांना तर मी सांगितलं होतं की मामाचा कॉन्ट्रॅक्टचा धंदा आहे आणि मी कधीमधी देखरेखीला जातो. देखरेख! बनियनवर, गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून केलेली देखरेख.

तीन बाजू झाल्या होत्या. शनिवारी पश्चिमेकडचे सात खड्डे राहिले. मामा जाळीचे बंडल आणायला अकोल्याला गेला होता. जाताना सांगून गेला की आज नाही झाले तर उद्या सकाळी येऊन संपवा. आणि त्याच दुपारी मोबाइलवर वर्गाच्या ग्रुपवर सरांचा निरोप आला — रविवारी सकाळी सगळ्यांनी त्यांच्या याच जागेवर रोपं लावायला यावं. म्हणजे मी चिखलात उभा असणार आणि वर्ग कुंपणापलीकडून बघणार. त्यात एक जण असा, की जो माझ्या बोलण्यातल्या 'मले-तुले'ची रोज नक्कल करायचा.

एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

काका पाणी प्यायला गेले. मी सब्बलीवरची तार सैल केली, चिंधी टोकाकडे वीतभर सरकवली आणि पुन्हा आवळली. लोकांच्या तोंडून ऐकतो ना आपण, की चूक करताना छातीत धडधडलं, घाम फुटला? तसलं काही झालं नाही. मी शीळ घालत होतो.

पहिल्याच खड्ड्याला काका थबकले. "आज लौकरच आली बाबू चिंधी. मले त अजून वीतभर बाकी वाटते." बघा, वीतभर! माणसाने नुसत्या हातांनी ओळखलं. मी म्हणालो, "काका, चिंधी तुमच्यासमोर आहे. पाहा ना." त्यांनी खड्ड्यात पाहिलं, मग चिंधीकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. "तुह्यं बराबर असन बाप्पा. तू शिकेल माणूस." आणि पुढच्या खड्ड्याकडे गेले.

त्या बाजूला जमीन नाल्याकडे उतरती आहे. त्यामुळे पोल वीतभर वर राहिले तरी टोकांसाठी ताणलेल्या दोरीच्या रेषेत आले, उलट इतर बाजूंपेक्षा सुबकच दिसले. दिवस मावळायच्या आत सातही उभे. मी चिंधी जागच्या जागी नेऊन बांधली. हेही शांतपणे.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काका तिथंच होते, रोपांसाठी लहान खड्डे करत. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि सगळ्यांसमोर सरांना म्हणाले, "सर, ह्या पोरानं एक एक गड्डा मोजून घेतला बरं. हा असला की काम चोख रायते." सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मुलं बघत होती. आणि मी काय केलं? मी जरासा बाजूला सरकलो, काकांच्या मातीच्या हाताचा डाग शर्टाला लागू नये म्हणून. खड्ड्यांपेक्षा त्या सरकण्याची मला जास्त घाण वाटते.

मग आठ महिने गेले. या आठ महिन्यांत मी मामाला कधीही सांगू शकलो असतो. एक दिवस जाऊन सात पोल पुन्हा रोवले असते, मामाने दोन कानाखाली दिल्या असत्या, विषय संपला असता. मी नाही सांगितलं. उन्हाळ्याच्या तोंडावर सरांनी रोपांना गरम वारा लागू नये म्हणून पश्चिमेच्या जाळीवर हिरवं नेट बांधून घेतलं. ते बांधायलाही मीच होतो. नेट बांधलं की कुंपणातून वारा आरपार जात नाही, सगळा जोर पोलांवर येतो, हे मला ठाऊक होतं. मी गाठी मारत राहिलो.

वैशाखातल्या एका संध्याकाळी वादळ आलं आणि ती अख्खी बाजू आडवी झाली. सातही पोल, जाळी, नेट. खाली आंब्याची अकरा रोपं मोडली. कुणी माणूस खाली सापडला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा, काका आणि मी तिथं गेलो. मामाने पडलेल्या पोलांवरची मातीची खूण पाहिली, पिशवीतून टेप काढली, मोजलं. वीतभर कमी. दुसरा पोल, तोही वीतभर कमी. मामा माझ्याकडे वळला. "काहून बे? कसे मोजले तुनं?"

इथं मी थांबतो जरा.

मी सांगितलं असतं तर तेव्हाही चाललं असतं. पण तोवर माझं उत्तर तयार होतं. आदल्या रात्री जागा होतो तेव्हाच, अंथरुणातच मी ते जुळवून ठेवलं होतं. मी म्हणालो, "मामा, मी मोजले तेव्हा बरोबर होते. पण ओली माती होती. नंतर कड ढासळून आत पडली असेल. पोल ठेवायच्या आधी काकांना ती दिसली नसेल." आणि वर आणखी — आवाज मऊ करून — "त्यांचं वय झालं आहे मामा. त्यांना काही बोलू नका."

तुम्हाला दिसतं का, मी काय केलं ते? मी त्यांच्यावर नुसता आळ नाही घेतला. आळ घेतला असता तर काकांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, मामाशी भांडले असते. मी त्यांची बाजू घेतल्याचं सोंग करून त्यांना म्हातारं ठरवलं.

मामा एवढंच म्हणाला, "देवरावदादा, तुमच्या हातून असं व्हाचं नव्हतं." काका त्या आडव्या पोलाकडे पाहत होते. मी वाट पाहत होतो, की आता ते म्हणतील, चिंधी लवकर आली होती, मी ह्याला बोललो होतो. ते म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पडली असन माती. मले दिसलीच नसन." माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी स्वतःच्या हातांना खोटं ठरवलं.

नवे खड्डे मामाने मला खोदायला लावले, कारण काकांनी खोदायची सब्बल उचललीच नाही. जुन्या खड्ड्यांच्या तळाशी माती कडक होती. कड ढासळून पडलेली माती भुसभुशीत असते. ही तर कधीच कुणी न खोदलेली. सब्बल आपटली की हाताला झिणझिण्या यायच्या. मामा दूर जाळी गुंडाळत होता. त्याने येऊन एकदा हात घातला असता तरी त्याला कळलं असतं. म्हणून मी घाईघाईने खोदलं, आणि काका सावलीत बसून मला म्हणत होते, "दमानं बाबू, हाताले फोड येतीन."

त्यानंतर काका कामावर आले नाहीत. स्वतःच मामाला म्हणाले, दुसरा माणूस पाहा. मामाने समजूत काढली, ऐकलं नाही. मग ते सुनेला घेऊन अमरावतीला डोळे तपासायला गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर चांगली आहे. ही बातमी आईने मला फोनवर सांगितली तेव्हा मला वाटलं, सुटलं, आता त्यांचा त्यांना उलगडा होईल. पण काका आईला म्हणाले होते, "डोये चांगले हायेत म्हणे. मंग डोक्यातच काई बिघडलं असन."

आता गावात कुणी मुरूम किती खाली लागेल विचारायला आलं तरी ते सांगत नाहीत. हात जोडतात. नळ बंद केला की सुनेला विचारतात, बंद झाला का. दार लावलं की परत जाऊन पाहतात. त्यांचा मुलगा वैतागून ओरडतो त्यांच्यावर. आधी त्याची अशी हिंमत नव्हती.

मागच्या सुट्टीत आईने चकल्या घेऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. रस्ताभर ठरवत होतो, आज सांगायचं. खरंच ठरवलं होतं की ठरवल्याचं नाटक स्वतःशीच करत होतो, मला सांगता येत नाही. काका अंगणात बकरी बांधत होते. दाव्याची गाठ मारली आणि मला हाक मारली, "ये बाबू. ही गाठ घट्ट बसली का पाह्य बरं. माह्या हाताचा काई भरोसा नाई राह्यला."

मी वाकून पाहिलं. गाठ अशी होती की मला दोन्ही हातांनी सोडता आली नसती. मी म्हणालो, "घट्ट आहे काका." ते "हो का" म्हणाले, आणि ती सोडून पुन्हा बांधू लागले. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी तिसऱ्यांदा सोडली. मी चकल्यांचा डबा ओट्यावर ठेवला आणि घरी परत आलो.

काका अजून तिथंच राहतात. आमच्या घरापासून चौथं घर. मी हे सगळं लिहून तुम्हाला सांगितलं आहे, त्यांना नाही.