पॅन्झीची तोंडं

भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत दर हिवाळ्यात क्वार्टरांच्या बागांची स्पर्धा असायची. आमचे हे इंजिनिअर, त्यामुळे बागेचाही आधी नकाशा निघाला. परीक्षक फाटकातूनच बघतात, म्हणून यांनी पॅन्झीचा वाफा कुंपणालगत आखला. मी म्हटलं, "रस्ता उत्तरेला आहे. थंडीत ऊन दक्षिणेकडून येतं. फुलं घराकडेच तोंड करणार." यांनी टेपने माप घेणं चालूच ठेवलं.

जानेवारीत परीक्षक आले आणि फुलांच्या पाठी बघून पुढे गेले. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. मी व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकल्या, चहा आणला. समोरचा अख्खा वाफा आमच्याकडे बघत होता.

पुढच्या वर्षी नकाशात सगळ्यात आधी त्या दोन खुर्च्या आल्या.